हाडातली पोकळी भरणारी हायड्रोजेल आणि त्यातले नॅनोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'जेल टोचलं की तुटलेलं हाड जुळणार' अशा मथळ्याची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मग ज्यांच्या घरी कुणाचा पाय सहा महिने रॉडवर आहे, त्यांचे फोन सुरू होतात. त्यांच्या आणि या विषयाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: या संशोधनात दम आहे, पण तुमच्या माणसाची ठरलेली शस्त्रक्रिया त्याच्या भरवशावर पुढे ढकलू नका.

हाड तर आपोआप जुळतं. मग त्यात काही भरायची वेळ येतेच कशाला?

बहुतेक वेळा येत नाही. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं, त्या गाठीत पेशी शिरतात, आधी मऊ कुर्चेसारखा गोळा तयार होतो, मग त्यात क्षार भरून तो कडक होतो आणि पुढची काही वर्षं शरीर त्याला घासूनपुसून मूळ आकाराच्या जवळ आणत राहतं. व्रण न ठेवता भरून येणाऱ्या थोड्या अवयवांपैकी हाड एक आहे.

अडचण येते ती हाडाचा तुकडाच गेला तर. दुचाकीच्या अपघातात नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर येतं, चुरा झालेले तुकडे काढून टाकावे लागतात, आणि दोन टोकांमध्ये चार-पाच सेंटिमीटरची फट राहते. नडगीच्या आतल्या बाजूला हाडावर कातडीशिवाय फारसं काहीच नसतं, स्नायूंकडून मिळणारा रक्तपुरवठा तिथे तोकडा. अशी फट शरीर स्वतःहून हाडाने भरत नाही, तिथे चिवट तंतुमय ऊती भरते. हाडाची गाठ काढल्यावर, जंतुसंसर्गाने हाड सडल्यावर किंवा जबड्याचा भाग काढल्यावरही हाच प्रश्न उभा राहतो.

आज त्यावर डॉक्टर काय करतात?

पहिला आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडे काढून फटीत भरणं. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे संदेश देणारी प्रथिनं असतात आणि शरीर ते परकं मानत नाही. तोटे दोन: कमरेची दुसरी जखम, जी कधी कधी पायापेक्षा जास्त दिवस ठणकते, आणि मिळणाऱ्या हाडाला असलेली मर्यादा.

दुसरा मार्ग दात्याच्या हाडाचा. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८पासून ऊतीपेढी आहे. तिथे दात्यांची हाडं स्वच्छ करून, गोठवून सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. यात जिवंत पेशी उरत नाहीत, त्यामुळे हाड धरायला वेळ लागतो.

मोठ्या फटीसाठी इलिझारोव्हची रिंग आहे, म्हणजे पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडलेली धातूची कडी. सैबेरियातल्या कुर्गान गावी गावरील इलिझारोव्ह यांनी ती विकसित केली. चांगल्या भागात हाड मुद्दाम कापायचं आणि कापलेला तुकडा रोज एक मिलिमीटर या गतीने सरकवत न्यायचा, मागे नवं हाड तयार होत जातं. पाच सेंटिमीटर म्हणजे नुसतं सरकवायलाच पन्नास दिवस, आणि नवं हाड पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पुढे. पायात तारा घेऊन इतके महिने काढलेल्या माणसाला विचारा, तो जेलची बातमी का पुढे पाठवतो ते कळेल.

फ्रेंच शल्यविशारद मास्केले यांची पद्धतही आपल्याकडे चालते. आधी फटीत सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेला पापुद्रा तयार होतो, मग ठोकळा काढून त्या पिशवीत कमरेचं हाड भरायचं. जेल घेऊन पुढे येणाऱ्या कुणालाही या सगळ्यांशी स्पर्धा करायची आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हायड्रोजेल म्हणजे नेमकं काय?

पाणी धरून ठेवणारं रेणूंचं जाळं. लांबलचक साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडलेल्या असतात, त्यामुळे पाण्यात टाकलं तरी ते विरघळत नाही, फुगतं. वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्के पाणी असलेली जेल सर्रास असतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे याचं घराघरांत पोचलेलं उदाहरण. ओट्टो विख्तेर्ले आणि द्राहोस्लाव लीम या चेक शास्त्रज्ञांनी शरीरात वापरता येतील अशा जेलबद्दल १९६०मध्ये लिहिलं, आणि १९६१च्या नाताळात विख्तेर्ले यांनी मुलांच्या यांत्रिक खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या घरी लेन्स ओतायचं यंत्र केलं.

हाडासाठी वापरतात ती जेल बहुधा समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेलं कायटोसान, जिलेटिन, कोलॅजेन, हायल्युरॉनिक आम्ल किंवा रेशमातलं फायब्रॉइन यांपासून करतात. अल्जिनेटचं काम बघायला सोपं आहे. मधासारखं दाट द्रावण सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडा, थेंब पडता पडता मणी होतो. कॅल्शियम शेजारशेजारच्या साखळ्यांना बांधून टाकतं. पण लगेच मणी मधोमध कापला तर आतून पातळच निघतो, कारण कॅल्शियम बाहेरून आत झिरपत जातं. हाडाच्या फटीएवढा मोठा गोळा करायचा तर बाहेर कडक आणि आत कच्चा राहून चालत नाही. म्हणून कॅल्शियम आधीच द्रावणात न विरघळणाऱ्या रूपात मिसळतात आणि अगदी मंद आम्लाने सावकाश मोकळं करतात. असल्या बारीक युक्त्यांत या क्षेत्रातल्या लोकांची वर्षं जातात.

इतकं मऊ जेल शरीराचा भार कसं पेलणार?

पेलत नाही, आणि पेलायला ठेवतही नाहीत. हाडाच्या कठीण कवचाचा ताठरपणा १० ते २० गिगापास्कल असतो, बहुतेक हायड्रोजेलचा काही किलोपास्कल ते काहीशे किलोपास्कल (एक गिगापास्कल म्हणजे दहा लाख किलोपास्कल). लाखपटीचा फरक आहे. नॅनोकण घातल्याने जेल दुप्पट-तिप्पट घट्ट झालं तरी ही दरी भरत नाही. म्हणून भार रॉड, प्लेट किंवा बाहेरची रिंगच घेणार, आणि आतलं जेल फक्त हाड उगवायला जागा आणि निमित्त देणार. 'रॉड नको, जेलच भरा' असा आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना हे आधी सांगावं लागतं.

मग स्कॅफोल्ड म्हणतात ते कशाला?

स्कॅफोल्ड म्हणजे नव्या हाडाच्या पेशींना धरायला दिलेला तात्पुरता सांगाडा, इथे तो जेलचा. इमारतीच्या सेंट्रिंगसारखं समजा. स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतात, इथे मात्र काढायला कुणी परत आत जात नाही. त्यामुळे जेल आपोआप विरघळलं पाहिजे, आणि वेळेवर. तीन आठवड्यांत विरघळलं तर पेशींना धरायला काही उरत नाही. वर्षभर तसंच राहिलं तर नव्या हाडाची जागा तेच अडवून बसतं.

दुसरी अट छिद्रांची. पेशीला जगायला केशवाहिनी १००-२०० मायक्रोमीटरच्या आत लागते, त्याहून दूरच्या पेशी गुदमरतात. रक्तवाहिन्या आत शिरायच्या तर सुमारे ३०० मायक्रोमीटरची, एकमेकींना जोडलेली छिद्रं असलेली बरी. साध्या जेलच्या जाळीची भोकं याच्या हजारो पट लहान असतात. म्हणून जेल गोठवून सुकवतात, फुग्यांनी सच्छिद्र करतात, किंवा पट्टी-पट्टीने थ्रीडी प्रिंट करून मध्ये वाटा ठेवतात.

ताठरपणाचा परिणाम पेशींवरही होतो. २००६ साली अमेरिकेत अ‍ॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मूळपेशी (स्टेम सेल) वेगवेगळ्या मऊपणाच्या जेलवर वाढवल्या. अगदी मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या वागू लागल्या, मधल्यावर स्नायूंसारख्या, आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या जेलवर हाड करणाऱ्या पेशींसारख्या. तेव्हापासून जेलचा घट्टपणा हे ओतायच्या सोयीपुरतं प्रकरण राहिलं नाही.

यात नॅनोकण कशासाठी?

कारण हाड मुळात तसंच बांधलेलं आहे. वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश खनिज, आणि ते कोलॅजेनच्या तंतूंमध्ये जेमतेम काही नॅनोमीटर जाडीच्या चपट्या स्फटिकांच्या रूपात रुतलेलं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नुसतं जेल म्हणजे यातला मऊ अर्धा भाग, त्यात हाडातल्याच खनिजाचे, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचे नॅनोकण घातले की दुसराही आला. पेशींना पकडायला खडबडीत जागा मिळते, प्रथिनं त्या पृष्ठावर चिकटतात, आणि कॅल्शियम-फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं.

दुसरे कण बायोअ‍ॅक्टिव्ह काचेचे. लॅरी हेंच हे काचेचे अभियंते. १९६७मध्ये एका परिषदेला जाताना बसमध्ये व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल त्यांच्या शेजारी बसला होता. शरीर न झिडकारणारं काही बनवाल का, असं त्याने त्यांना विचारलं. १९६९मध्ये फ्लोरिडात केलेली त्यांची काच उंदराच्या हाडाला अशी चिकटली की ओढून निघेना. ४५ टक्के सिलिका आणि बाकी सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरसची ऑक्साइडं असलेली ती काच शरीरातल्या द्रवात विरघळता विरघळता पृष्ठावर हाडासारखाच थर धरते. तीच आता नॅनो आकारात जेलमध्ये घालून पाहतात. स्ट्राँशियम, मॅग्नेशियम, जस्त किंवा तांबं अगदी थोडं मिसळून हाडाची किंवा रक्तवाहिन्यांची वाढ चेतवायचे प्रयत्नही चालू आहेत. औषध भरायला सच्छिद्र सिलिकाचे कण, जेल सुईतून सहज जावं म्हणून नॅनोचिकणमाती, बाहेरून चुंबकाने पेशींना हलका ताण द्यायला लोहाचे कण, अशी यादी लांबत जाते. माझ्या मते त्यातलं पुष्कळसं शोधनिबंधापुरतंच राहणार आहे, अ‍ॅपटाइट आणि काच मात्र टिकतील.

कण मिसळणं यात अवघड ते काय?

प्रयोगशाळेत पहिल्यांदा हात घालणाऱ्याला हाच प्रश्न पडतो. सुकी नॅनोपूड पाण्यात टाकली की दुधासारखं पांढरं पाणी दिसतं आणि वाटतं झालं काम. रात्रभर चंचुपात्र टेबलावर ठेवलं की सकाळी वर निवळ पाणी आणि तळाशी पांढरी साय. सुकताना कण एकमेकांना चिकटून मायक्रोमीटरचे गठ्ठे झालेले असतात आणि नुसत्या ढवळण्याने सुटत नाहीत. अल्ट्रासाउंडच्या दांड्याने फोडावे लागतात, किंवा सिट्रेटसारखं काही लावून एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात, नाहीतर जेलच्या आतच कण घडवावे लागतात. गठ्ठे तसेच राहिले तर जेल नेमकं तिथूनच तडकतं. कण फार घातले तर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये प्रकाशच खोलवर पोचत नाही आणि गोळा आतून कच्चा राहतो.

हे कण शरीरात फिरून अपाय करतील का?

कणावर अवलंबून आहे. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट हाडातलंच खनिज आहे, हाड खाणाऱ्या पेशी ते विरघळवतात आणि कॅल्शियम-फॉस्फेट नेहमीच्या वाटेने वापरलं जातं. लोह, चांदी, सोनं यांचं तसं नाही. जेलमधून सुटलेले कण रक्तात गेले तर यकृत आणि प्लीहा ते पकडून ठेवतात, आणि सोनं तर तिथून सहजी जात नाही. चांदी जंतूंना मारते, पण मात्रा वाढली की हाड घडवणाऱ्या पेशींनाही मारते. 'नॅनो' या शब्दाला घाबरू नये आणि भुलूही नये: कोणता कण, किती, आणि जेल विरघळल्यावर त्याचं काय होतं, ही तीन उत्तरं नसतील तर उत्पादन रुग्णापर्यंत येता कामा नये. शरीरात ठेवायच्या वस्तूंच्या चाचण्यांसाठी आयएसओ १०९९३ ही मानकं आहेत.

वाढीचं प्रथिन घातलं की हाड लवकर येतं म्हणतात, खरं का?

येतं. १९६५मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की क्षार काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा स्नायूत ठेवला तर तिथेही हाड तयार होतं. त्यामागची प्रथिनं पुढे बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, हाड घडवणारी प्रथिनं) म्हणून ओळखली गेली. त्यातलं बीएमपी-२ कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून वापरायला अमेरिकेत २००२ साली कमरेच्या मणक्यांसाठी आणि २००४ साली नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी परवानगी मिळाली. २००८मध्ये तिथल्याच औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, कारण मानेच्या मणक्यांत ते वापरल्यावर काही रुग्णांच्या घशाला जीवघेणी सूज आली. नको तिथे हाड वाढल्याच्याही तक्रारी आल्या.

स्पंज हे प्रथिन फार काळ धरून ठेवत नाही, त्यामुळे मात्रा मोठी द्यावी लागते आणि ती आजूबाजूला पसरते. नॅनोकणांना बांधून, जेलमध्ये अडकवून तेच प्रथिन कित्येक आठवडे थोडं थोडं सोडता आलं तर मात्राही कमी लागेल. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत पटणारं कारण हेच आहे.

हाडात पू झाला असेल तर जेल चालेल?

आधी शस्त्रक्रियेने मेलेलं हाड पूर्ण काढायचं, त्याला पर्याय नाही. नंतरच्या पोकळीत अँटिबायोटिक कसं पोचवायचं, इथे जेलचा उपयोग होऊ शकतो. आज वापरतात ते जेन्टामायसिनचे सिमेंटचे मणी विरघळत नाहीत, ते काढायला पुन्हा ऑपरेशन. युरोपात हायल्युरॉनिक आणि पॉलिलॅक्टिक आम्लाचं जेल अँटिबायोटिकमध्ये कालवून प्लेटला किंवा कृत्रिम सांध्याला लावतात, दोन-तीन दिवसांत औषध सोडून ते नाहीसं होतं. पण ते जंतूंना बसू न देण्यासाठी आहे. हाड उगवणं त्याच्याकडून अपेक्षित नाही.

उंदरांवर इतकं चांगलं जमतं, मग माणसांसाठी का नाही?

बातमी वाचताना पहिल्यांदा एक गोष्ट शोधा: प्रयोग कुठल्या हाडावर होता? बहुतांश निबंधांत उंदराच्या कवटीत पाच किंवा आठ मिलिमीटरचं गोल भोक पाडून त्यात जेल ठेवलेलं असतं. कवटीवर भार नाही, जागा हलत नाही, जंतू नाहीत, उंदीर तरुण आणि निरोगी. तुमचा माणूस पन्नाशीचा, मधुमेही, नडगीची उघडी जखम, ती झाकायला दुसरीकडून आणून लावलेली कातडी. मधला पल्ला मेंढीच्या नडगीवरच्या प्रयोगांचा. ते महाग आणि वेळखाऊ, म्हणून फार थोडे होतात.

दुसरं कारण ऐकायला क्षुल्लक वाटतं: निर्जंतुकीकरण. धातूची प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबयंत्रात, टाकली की झालं. अल्जिनेटला गॅमा किरण दिले तर साखळ्या तुटून जेल पातळ होतं, जिलेटिनला वाफेची उष्णता मानवत नाही. मग सगळं निर्जंतुक खोलीत बनवा, म्हणजे खर्च वाढला. शेवाळ आणि कवचं निसर्गातून येतात, त्यामुळे प्रत्येक खेपेचा माल थोडा वेगळा. आणि पेशी किंवा प्रथिन घातलं की सरकारच्या लेखी ते नुसतं उपकरण राहत नाही, परवानगीची वाट आणखी लांबते.

मग आज मिळतं तरी काय?

नॅनो-अ‍ॅपटाइटची पेस्ट युरोपात वापरात आहे. बायोअ‍ॅक्टिव्ह काचेची पुटी, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे, कोलॅजेन आणि खनिजाच्या पट्ट्या भारतातही मिळतात. दंतवैद्य आणि मणक्यांचे सर्जन त्या नेहमी वापरतात. हे सगळं लहान, चारी बाजूंनी बंद पोकळीत चांगलं चालतं, लांब हाडातल्या सलग फटीत एकटं पुरत नाही. औषध सोडणारं, पेशी धरणारं, नॅनोकणांचं हायड्रोजेल अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

आपल्याकडे तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था हाडासाठीच्या सिरॅमिकवर फार वर्षं काम करते आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरायचं साहित्य करण्यावर काम झालं आणि त्यातून एक नवउद्योग उभा राहिला.

'स्टेम सेलचं जेल टोचतो, इतके लाख लागतील' असं एका ठिकाणी सांगितलं. घ्यावं का?

नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकीचे वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत करायचे आहेत. चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडली पाहिजे, २००९पासून ही नोंद सक्तीची आहे. नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. नोंदणी क्रमांक मागा, नीतिमत्ता समितीची मंजुरी मागा, संमतिपत्र मराठीत मागा. प्रायोगिक उपचारासाठी तुमच्याकडूनच लाखो रुपये मागत असतील तर तिथून उठा.

आम्ही शाकाहारी आहोत. जेलमध्ये प्राण्यांचं काही असतं का?

जिलेटिन आणि कोलॅजेन गाय, बैल, डुक्कर किंवा माशापासून येतं. कायटोसान बहुधा कोळंबीच्या कवचाचं, अल्जिनेट शेवाळाचं. वापरात असलेल्या पट्ट्यांनाही हे लागू आहे, तेव्हा ऑपरेशनच्या आधीच विचारा, उगाच संकोच नको. कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगा.

आईच्या गुडघ्यात जेल भरलं होतं, ते हेच का?

नाही. ते सांध्यात देतात ते हायल्युरॉनिक आम्लाचं इंजेक्शन, दुखणं काही महिने कमी व्हावं म्हणून. त्याने हाड वाढत नाही आणि झिजलेली कुर्चाही परत येत नाही. हाडं ठिसूळ झाली असतील तर त्यावरही हे जेल उपाय नाही, त्याची औषधं वेगळी आहेत.

जेल येईपर्यंत आम्ही काय करावं?

सर्जनला तीन प्रश्न विचारा: हाडाची टोकं पक्की धरली आहेत का, तिथे रक्तपुरवठा आहे का, जंतुसंसर्ग पूर्ण गेला आहे का. यातलं एकही 'नाही' असेल तर उद्या जगातलं सर्वोत्तम जेल आणून भरलं तरी हाड येणार नाही. साखर ताब्यात ठेवा. आणि विडी-सिगारेट बंद. धूम्रपान करणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे वारंवार दिसून आलेलं आहे. 'मी ओढत नाही, फक्त मिश्री लावते' असं सांगणाऱ्या मावश्याही भेटतात. निकोटिन त्यातूनही रक्तात जातं, तेव्हा तीही बंद.